नळी बदलता येणारी एकबारी रायफल: घ्यावी, पण पैसे वाचतील म्हणून नव्हे

"एकदा फ्रेम घ्या, मग नुसत्या नळ्या घेत राहा, चार बंदुकांचं काम एकीत होतं." मधून मोडणाऱ्या, म्हणजे नळी खाली झुकवून एका वेळी एकच काडतूस भरायच्या, एकबारी रायफली या एका वाक्यावर विकल्या जातात. (फ्रेम म्हणजे चाप आणि घोडा असलेला मधला सांगाडा.) माझ्याकडे अशी एक रायफल बरीच वर्षं आहे. अमेरिकन थॉम्पसन/सेंटर कंपनीची जी-२ कंटेंडर, म्हणजे कंटेंडरची नंतरची आवृत्ती, आणि तिला .२२, .२२३ आणि .३०-३० अशा तीन कॅलिबरच्या, म्हणजे तीन मापांच्या काडतुसांच्या, नळ्या. ती विकायचा माझा अजिबात विचार नाही. तरी कुणी घ्यायची म्हटली की मी आधी हेच सांगतो, की पैसे वाचतील या आशेवर घेऊ नका. वाचत नाहीत.

हिशोब करून बघा. नळी घेतली म्हणजे नुसती नळी येत नाही. तिच्यावर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) हवा, स्कोपला पट्टी आणि कड्या हव्यात. नळी जाड असेल तर आधीचं पुढचं लाकूड तिला बसत नाही, म्हणजे तेही वेगळं. हे सगळं एकत्र केलं की साध्या बोल्ट रायफलीच्या (दर बारानंतर हाताने बोल्ट मागेपुढे ओढायच्या रायफलीच्या) किमतीच्या आसपास आपण पोचलेलो असतो, आणि बोल्ट रायफलीबरोबर स्वतःचा चाप आणि दस्ताही मिळतो. एकच स्कोप तिन्ही नळ्यांवर फिरवू म्हणाल तर दर वेळी नव्याने झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवायला, काडतुसं जाळावी लागतात. त्यात जे जातं ते स्कोपच्या किमतीहून कमी नसतं.

मग ठेवली कशाला? पहिलं कारण अगदी खासगी आहे. मी डावरा. बोल्ट रायफलीचा बोल्ट जगाच्या सोयीने उजवीकडे असतो, आणि डाव्या खांद्यावर ती धरली की रिकामं काडतूस नाकासमोरून उडून जातं. डाव्या हाताच्या बोल्ट रायफली मिळतात, पण ज्या मॉडेलची आणि ज्या कॅलिबरची हवी त्यात नेमक्या नसतात. मधून मोडणाऱ्या रायफलीला डावं-उजवं नसतंच. घोडा मध्यभागी, चाप मध्यभागी, काडतूस मागे सरळ बाहेर येतं. एवढ्यावरच मी अर्धा विकला गेलो होतो.

दुसरं कारण धंद्याचं. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर कसे टेकतात, पिन भोकात किती घट्ट बसते, झीज कुठून सुरू होते, हे बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. या रायफलीत दडवलेलं काही नाही. मोडली की सगळा कारभार डोळ्यांसमोर.

रचना अशी. फ्रेमच्या पुढच्या टोकाला एक आडवी पिन, तिच्यावर नळी बिजागरीसारखी खाली झुकते. नळीच्या बुडाखाली पोलादाचा एक ठोकळा, त्यात खटक्याचे दात. नळी वर बंद केली की ते दात फ्रेममधल्या खाचेत बसतात. काडतुसाच्या मागे फ्रेमची सपाट भिंत, तिच्यातून फायरिंग पिन येते. बस्स. मॅगझिन नाही, बोल्ट नाही, बोल्ट मागेपुढे सरकायला लागणारी लांबी नाही. त्यामुळे तेवढ्याच लांबीची नळी लावूनही अख्खी रायफल बोल्ट रायफलीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर आखूड होते. झाडीत आणि गाडीत चढता-उतरताना हे १० सेंटीमीटर फार जाणवतात.

कंटेंडर आली १९६७ साली, न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टर गावातून. वॉरन सेंटर नावाच्या कारागिराची ती कल्पना, आणि के. डब्ल्यू. थॉम्पसन टूल कंपनीचा कारखाना. दोघांची नावं जोडून थॉम्पसन/सेंटर झालं. सुरुवातीला ती पिस्तूल होती, आणि तिचं नाव झालं ते लोखंडी प्राण्यांवर नेम धरायच्या खेळातून: ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की, २०० वर मेंढा. मेंढा नुसता लागून चालत नाही, आडवा पडावा लागतो. पिस्तुलातून एवढा जोर हवा तर रायफलीच्या तोडीचं काडतूस हवं, आणि ते कंटेंडरमध्ये बसत होतं. खांद्याला लावायचे दस्ते आणि लांब नळ्या नंतर आल्या. मग १९९० च्या दशकात मोठी बहीण आली, एन्कोर.

या दोघींच्या नळ्या एकमेकींना बसत नाहीत. नवा माणूस हमखास इथे गोंधळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंटेंडर लहान फ्रेम, एन्कोर मोठी. "माझ्या कंटेंडरला .३०८ ची नळी का मिळत नाही?" असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळतं, "दाब जास्त." हे अर्धं उत्तर आहे. .२२३ चा कमाल दाब प्रति चौरस इंच ५५,००० पौंड आहे, .३०८ चा ६२,०००. फरक फार नाही, तरी .२२३ चालते आणि .३०८ चालत नाही. कारण फ्रेमच्या भिंतीवर जो रेटा येतो तो नुसत्या दाबाचा नसतो, दाब गुणिले काडतुसाच्या बुडाचं क्षेत्रफळ असा असतो.

बाहेरचा व्यास धरून आणि काडतूस चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) भिंतीला जे चिकटून राहतं ते सोडून देऊन ढोबळ गणित केलं, तर .२२३ चा रेटा येतो सुमारे २,८०० किलो. .३०-३० चं बूड मोठं, पण दाब ४२,०००, म्हणून रेटा २,७०० च्या आत. .४५-७० चं बूड तर आणखी मोठं, पण दाब फक्त २८,०००, म्हणून २,५०० च्या थोडा वर. दिसायला तीन अगदी वेगळी काडतुसं, पण फ्रेमच्या दृष्टीने जवळपास सख्खी भावंडं. आणि .३०८? सुमारे ४,९०० किलो. लहान फ्रेमने इतका रेटा रोज झेलावा ही अपेक्षाच चूक. एन्कोरची फ्रेम मात्र .३०८, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमसुद्धा घेते, शिवाय १२ बोअरच्या छऱ्याच्या नळ्या आणि ठासणीच्या बंदुकीची .५० ची नळी. उलट .२२ रिमफायरची (ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका पडावा लागतो त्या काडतुसाची) सोय कंपनीने एन्कोरला दिली नाही. ती कंटेंडरला आहे. तिच्या घोड्यावर ठोक्याची जागा बदलणारा एक छोटा बदलू असतो: एका बाजूला केला की ठोका काडतुसाच्या मध्यावर, दुसऱ्या बाजूला केला की कडेवर, आणि मध्ये ठेवला की कुठेच नाही.

माझ्या मते कंटेंडर घ्यायचं एवढं एक कारण पुरेसं आहे. .२२ ची पेटी स्वस्त, आवाज कमी, धक्का नाही, आणि सराव मात्र त्याच चापावर, त्याच दस्त्यावर, त्याच घोड्यावर होतो. बोटाला चाप नेमका कुठे सुटतो ते एकदा कळलं की मोठी नळी लावल्यावर बोट वेगळं वागत नाही. वेगळी .२२ घेऊन सराव केला की तिचा चाप हलका, मोठीचा जड, आणि मोठी हातात घेतल्यावर पहिले काही बार खेचले जातात. मी क्लबात हे इतरांचं होताना कायम बघतो.

आता नळी बदलण्याचं प्रत्यक्ष काम. जाहिरातीत "काही सेकंदांत" असतं. मी ते टेबलावर, दिव्याखाली, घाई न करता करतो. रायफल मोडून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं. पुढच्या लाकडाचे स्क्रू काढायचे. ते लाकूड हातात आलं की बिजागरीची पिन उघडी पडते. पितळी सुंभ्याने ती एका बाजूने ढकलायची. पोलादी सुंभा नको, पिनेच्या तोंडावर ओरखडा पडला की पुढे तोच फ्रेमच्या भोकाला खरवडतो. पिन अर्धी बाहेर आली की दुसऱ्या हाताने नळी तोलून धरावी लागते, कारण शेवटचा मिलिमीटर सुटला की स्कोपसकट सगळं वजन खाली जातं. जुनं ग्रीस पुसायचं, नव्या नळीच्या ठोकळ्याला आणि पिनेला बोटाने पातळ थर लावायचा, पिन परत घालायची, लाकूड चढवायचं.

ग्रीस पिनेला, ठोकळ्याला आणि खटक्याच्या दातांना. चेंबरमध्ये मात्र तेलाचा थेंबसुद्धा नको. बार झाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं आणि मागचा काही रेटा भिंत घेते. तेलकट चेंबरमध्ये ते धरत नाही, आणि मी वर जे गणित मांडलं त्यातला सगळा बोजा फ्रेमवर येतो. साफसफाईनंतर कोरडा कपडा फिरवायला विसरणारे पुष्कळ आहेत.

मग मी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढतो. रिकामी रायफल बंद करून नळीचं तोंड आणि फ्रेमची भिंत यांच्यातली फट मोजायची. दोन ते चार थाऊ, म्हणजे इंचाचे दोन ते चार हजारावे भाग, एवढी फट असली की मी खूश. त्याआधी, नळी उतरलेली असतानाच, तिच्यात काडतूस टाकून वर सरळ पट्टी ठेवून बघतो: काडतुसाचं बूड नळीच्या तोंडाशी बरोबर हवं किंवा केसभर खाली. वर आलं तर रायफल जोर लावून बंद करावी लागते आणि खटका पूर्ण बसत नाही. फार खाली गेलं तर ठोका हलका पडतो, बार होत नाही, आणि झालाच तर पितळ ताणलं जातं. माझ्याकडे आलेली एक नळी (बनावटीचं नाव घेत नाही) नेमकी अशीच होती. दर पेटीत काही काडतुसं नुसती टिचकी मारल्यासारखी परत यायची, बुडावर उथळ खूण. विकणाऱ्याचं म्हणणं काडतुसं खराब. गेजने मोजून आकडा लिहून दिला तेव्हा नळी बदलून मिळाली. ज्याला मोजता येत नाही त्याने मोजता येणाऱ्या बंदूक-मिस्त्रीकडे नवी नळी एकदा दाखवावी. ती किंमत हिशोबात धरलेलीच बरी.

काडतुसं घरी भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इतकी मजबूत बंद होणारी रचना असली तरी ती बोल्टसारखी ताठ नसते, नळीचं बूड रेट्याखाली किंचित लवतं. डाय (वापरलेलं पितळ परत मापात आणणारा साचा) तळाला टेकवून पितळ प्रत्येक वेळी पूर्ण मागे ढकलू नका. काडतुसाचा खांदा रायफल बंद होण्यापुरता, फार तर दोन थाऊ मागे न्या. पितळ दुप्पट टिकेल असं मी म्हणत नाही, पण बुडाजवळची चकाकती रेघ, जी फुटण्याआधी दिसते, ती माझ्या काडतुसांवर यायची बंद झाली.

कडा असलेली काडतुसं या रायफलीला निसर्गतःच बसतात. .३०-३० किंवा .२२ हॉर्नेटला बुडाशी जाड कड असते. ओढणी, म्हणजे काडतूस बाहेर काढणारा तुकडा, तिच्याखाली सरळ टेकते आणि रिकामं काडतूस वर उचलते. .२२३ ला अशी कड नाही, बुडाशी नुसती खाच आहे. तिथे ओढणीला स्प्रिंगवर चालणारा छोटा पंजा लागतो, जो काडतूस आत जाताना बाजूला सरकतो आणि मग खाचेत शिरतो. स्वच्छ असला तर चालतो. दारूची काजळी साठली की पंजा अडकतो आणि काडतूस आत राहतं. मग नखाने ते उचकटत बसायचं, आणि थंडीत हातमोजे काढून हे करताना तोंडून काय निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. युरोपातल्या कारागिरांनी हे जुन्या काळीच ओळखलं होतं. म्हणून त्यांच्याकडे त्याच काडतुसांच्या कडवाल्या जोडीदारणी आहेत: ७×५७ आर, ७×६५ आर, ६.५×५७ आर. मोडणाऱ्या रायफलीसाठीच केलेल्या.

स्कोपबद्दल. स्कोप फ्रेमवर नाही, नळीवर बसतो, आणि या सगळ्या पद्धतीचा जीव त्यात आहे. मिक्सरचं खालचं मशीन एक आणि वरची भांडी तीन, प्रत्येक भांड्याचं पातं त्याच्या त्याच्यात, तसं. नळी आणि स्कोप यांचं एकमेकांशी नातं तुटतच नाही, त्यामुळे नळी उतरवून महिनाभराने परत चढवली तरी झिरो तिथेच असतो. अगदी तिथेच? माझ्या .२२३ चा पहिला बार उरलेल्यांपेक्षा जरा वर जातो, पिन आणि खटका नीट बसेपर्यंत. म्हणून नळी चढवली की एक-दोन बार मातीच्या बांधात मारायचे आणि मग कागदाकडे वळायचं. शिकारीला जाताना आदल्या दिवशी नळी बदलून थेट जाणाऱ्यांची मला काळजी वाटते.

नेमाचं म्हणाल तर नळी चांगली असेल तर या रायफली चांगल्या बोल्ट रायफलीच्या बरोबरीला येतात. पण त्या लाडावलेल्या असतात. पुढचं लाकूड नळीलाच स्क्रूने जखडलेलं असतं, म्हणून लाकूड कुठे टेकवलं, किती दाबलं, स्क्रू किती आवळला, सगळं कागदावर उमटतं. लाकूड थैलीवर दर वेळी एकाच जागी ठेवा, म्हणजे फ्रेमच्या अगदी पुढे. टोकाजवळ टेकवलं की कागदावरच्या भोकांचा गट उभा पसरतो. स्क्रू आवळायला टॉर्कचा, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा, स्क्रू ड्रायव्हर वापरा. मला तो अनेकांच्या महागड्या स्कोपपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. लाकूड आणि नळी यांच्यामध्ये रबरी ओ-रिंग घालून नळी मोकळी करायची युक्तीही चालते, विशेषतः हँडी रायफल या अशाच स्वस्त रायफलीच्या मालकांमध्ये ती जुनी आहे. आणि बारीक नळी तापते. तीन बार, मग रायफल मोडून उभी ठेवायची, दोन्ही टोकांनी वारा जातो. घाईच्या माणसाला हे जमणार नाही.

धक्का वजनाच्या उलट प्रमाणात. बाकी सगळं तेच ठेवून ४ किलोऐवजी ३ किलोची रायफल घेतली तर धक्क्याची ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने वाढते. या रायफली हलक्या असतात, त्यातच त्यांची मजा, आणि म्हणूनच एन्कोरवर .३०० मॅग्नमची नळी लावून हौसेने आलेला माणूस पेटी संपायच्या आत चहा प्यायला जातो. माझी .३०-३० सोसवते. मॅग्नम मी दुसऱ्याच्या रायफलीवर मारून बघितली, परत मागितली नाही.

घोड्याची एक अडचण सांगायला हवी. स्कोप बसला की त्याचं मागचं टोक घोड्यावर येतं आणि अंगठा आत शिरत नाही. घोड्याला बाजूला निघणारी जोडदांडी लावावी लागते. डाव्याने डावीकडे, उजव्याने उजवीकडे. ती न लावता नखाच्या टोकाने घोडा चढवणं-उतरवणं हे या रायफलीवरचं खरं धोक्याचं काम आहे. बार न करता घोडा उतरवायचा झाला तर मी आधी रायफल मोडतो, काडतूस काढतो, मग उतरवतो. जुन्या कंटेंडरमध्ये घोडा हाताने उतरवला की परत चढवण्याआधी रायफल मोडून बंद करावीच लागायची. जी-२ मध्ये ती अट काढली. सोय झाली खरी, पण जुनी सवय मला जास्त सुरक्षित वाटते.

जास्त नळ्या म्हणजे जास्त प्रकारची काडतुसं घरात, आणि हा धोका कुणी जाहिरातीत सांगत नाही. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या नळीत बसू शकतं, आणि चाप ओढला तर .३० ची गोळी .२२ च्या भोकात घुसायला बघते. फ्रेम फुटते. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागे १२ चं आरामात बसतं. म्हणून तर २० बोअरची काडतुसं पिवळी असतात. माझा नियम असा, की ज्या नळीचं काम आहे तिचीच काडतुसं टेबलावर, बाकी कुलपात. प्रत्येक नळीची कापडी पिशवी वेगळी आणि तिच्यावर कॅलिबर मोठ्या अक्षरात. .३०० ब्लॅकआउटची नळी मी घेतलीच नाही. .२२३ असताना ती घरात नको, एवढंच.

कायद्याचं एक प्रकरण या रायफलीचा विषय निघाला की ऐकलेलं असावं, कारण ते कंटेंडरवरूनच झालं. अमेरिकेत खांद्याचा दस्ता आणि १६ इंचांहून आखूड नळी असलेली रायफल १९३४ च्या कायद्याखाली वेगळी नोंदवावी लागते. कंटेंडरच्या पिस्तुलाबरोबर २१ इंची नळी आणि दस्ता असा संच मिळायचा. सरकारचं म्हणणं, हा दस्ता आणि पिस्तुलाची आखूड नळी एकत्र जोडता येते, म्हणजे ही आखूड रायफलच. कंपनीने २०० डॉलरचा कर भरला आणि तो परत मिळावा म्हणून दावा लावला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला: कायदा संदिग्ध असेल तर त्याचा फायदा नागरिकाला. निकालाने जोडणी मात्र मोकळी झालेली नाही. आखूड नळी आणि दस्ता एकत्र लावणं तिथे अजूनही गुन्हाच ठरू शकतो. पिस्तूल-रायफल दोन्ही करणाऱ्यांनी आधी लांब नळी चढवावी, मग दस्ता; उतरवताना उलट. इतर ठिकाणी तर नळी हा नुसता सुटा भाग धरतच नाहीत. जर्मनीत जादा नळीचीही परवान्यावर नोंद लागते. आपल्याला लागू असलेला नियम नळी मागवायच्या आधी वाचावा.

आता घ्यायची कोणती. पैसा हा प्रश्न नसेल तर ब्लेझरची के-९५. ती नळी खटक्याच्या दातांवर नाही, मागच्या भिंतीतला ठोकळा तिरका होऊन तिच्यामागे अडकतो त्यावर बंद करते, त्यामुळे इतकी हलकी असूनही मॅग्नम झेलते. शिवाय ती बंद असताना ताणलेली नसते. बार करायच्या आधी अंगठ्याने ताणायची, नाहीतर परत सोडायची. एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांची मला वापरायला दिली होती. बंद करताना येणारा आवाज ऐकूनच टूलरूमचा माणूस खलास होतो. तिची नळी बदलायला सुंभाही लागत नाही.

बाकीच्यांचा बाजार मुख्यतः जुन्या मालाचा आहे. थॉम्पसन/सेंटर २००७ मध्ये स्मिथ अँड वेसनकडे गेली, आणि २०२१ मध्ये त्यांनी ती विकायला काढली. त्या काळात जुन्या फ्रेमचे भाव चढले. नळ्यांची मात्र ददात नाही. मॅच ग्रेड मशीनसारखे स्वतंत्र नळीवाले कंटेंडर आणि एन्कोर दोन्हींसाठी मागाल त्या कॅलिबरची करून देतात. जी-२ ला जुन्या कंटेंडरच्या बहुतेक नळ्या बसतात, तेव्हा जुनी नळी दिसली तर लगेच नाक मुरडू नका. चेंबरमध्ये बॅटरी मारून बघा, ठोकळ्याच्या दातांच्या कडा गोल झाल्यात का ते बघा, आणि पिनेचं भोक लंबगोल वाटलं तर सोडून द्या. फ्रेमचं भोक झिजलं असेल तर जाड पिन घालून भागतं. नळीचं झिजलं तर ती नळी भंगारात.

कमी खर्चात हवी तर जुनी हँडी रायफल. १९८७ पासून न्यू इंग्लंड फायरआर्म्स आणि एच अँड आर (हॅरिंग्टन अँड रिचर्डसन) या नावांनी बनली, २०१५ मध्ये थांबली. जड, ओबडधोबड, पण मजबूत, आणि घोडा सोडला तरी चाप ओढल्याशिवाय ठोका फायरिंग पिनेपर्यंत पोचत नाही अशी सोय तिच्यात आहे. फ्रेमवर एसबी-२ असं कोरलेलं आहे का ते बघा. एसबी-१ ही छऱ्याच्या आणि कमी दाबाच्या नळ्यांसाठीची फ्रेम, तिच्यावर .२४३ ची नळी लावू नये, बसली तरी. आणि तिची नळी कंटेंडरसारखी कुठलीही उचलून लावायची नसते; कंपनी चालू होती तेव्हा जादा नळीसाठी आपली फ्रेम कारखान्यात पाठवावी लागायची, ते जोडी जुळवून परत पाठवायचे. तो कारखाना आता नाही. तेव्हा जुनी हँडी रायफल घेताना हव्या त्या नळ्या त्याच फ्रेमला जुळवलेल्या, त्याच व्यवहारात मिळत असतील तरच पैसे द्या. विकणारा "दुसरी नळी नंतर कुठूनही घ्या, बसेल" म्हणाला, तर तो एकाच नळीची रायफल विकतोय असं समजून भाव करा.